जमिनीवरून घेतलेलं माप

माझी थोरली बहीण, आमची आक्का, माप घ्यायला शिकली ती दोरीवर. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि घरात टेप नव्हती. वडील दारात पाठमोरे उभे राहायचे. आक्का बादली पालथी घालून तिच्यावर चढायची, त्यांच्या खांद्यावर दोरीचं टोक धरायची आणि दोरी खाली सोडायची. बाही संपायची तिथं एक गाठ, सदरा संपायचा तिथं दुसरी. अशी सात गाठींची दोरी मुठीत धरून ती लांबच्या गावी शिंप्याकडे चालत जायची. एकदा शिंपी वैतागून म्हणाला, "पोरी, तुझी दोरी तुलाच कळते. मग तूच शिव की." आणि खरोखरच उठून त्यानं तिला मशीनवर बसवलं. त्या दिवशी आक्काचे पाय मशीनवर पडले ते आजवर खाली आलेले नाहीत.

मी तिचा धाकटा भाऊ. मी गाव सोडलं नाही, पण वर्षातून दोनदा तिच्याकडे जातो. या गोष्टीतलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय, निम्मं तिच्या तोंडून ऐकलंय. आक्का कधी गोष्टीत भर घालत नाही. आमच्या घरात ते काम माझ्याकडे आहे, पण इथं मी हात आवरता घेतलाय.

लग्न होऊन ती शहरात गेली. दाजी बसचे ड्रायव्हर. मुलगा तीन वर्षांचा असताना सरकारी घरांच्या वसाहतीत त्यांना चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. बहात्तर पायऱ्या. पुढची खोली अंगणाच्या बाजूला, मागची स्वयंपाकाची. पुढच्या खिडकीशी आक्कानं मशीन मांडली. तिथं बसलं की खालचं सगळं अंगण ताटात वाढल्यासारखं समोर यायचं. झोपाळा, पाण्याचा नळ, फाटक आणि फाटकापलीकडचा रस्ता.

हळूहळू वसाहतीतल्या आयांना हे कळलं. कामावर जाताना, बाजारात जाताना खालूनच हाक यायची, "आक्का, जरा बघा हं!" आक्का मान हलवायची. मशीन चालू, डोळा खाली. कुणाचं पोर फाटकाकडे निघालं की तिचा आवाज चार मजले खाली उतरायचा, "ए मोज्या! मागं फीर!" पोरांना ती नावानं ओळखत नसे, पोर ज्या कपड्यात दिसेल त्या कपड्यानं ओळखायची. निम्मे कपडे तिनंच शिवलेले असत.

पण स्वयंपाकाची वेळ झाली की हा डोळा मिटायचा. मागच्या खोलीतून अंगण दिसत नव्हतं. तिथली खिडकी मागच्या रस्त्यावर उघडायची, आणि तीही इतकी वर की आक्काला त्यातून फक्त आभाळाचा एक रुमाल दिसे. चुलीपाशी उभं राहून ती कानानं अंगण सांभाळायची. गलका चालू असला की ठीक. गलका थांबला की तिच्या हातातली पळी थांबायची. मग बहात्तर पायऱ्या खाली. पोरं बहुतेक वेळा मुंग्या बघत बसलेली असत. मग बहात्तर पायऱ्या वर. असं दिवसातून चारदा, पाचदा, सत्तावीस वर्षं. तिचे गुडघे तिथं गेले. डॉक्टरनं विचारलं, "काही पडणं-झडणं झालं होतं का?" आक्का म्हणाली, "नाही हो, पोरं गप्प बसली होती."

ओटाही तसाच. कुणीतरी उंच माणसानं आपल्या कोपरापाशी हात धरून बांधलेला. त्यामुळं वसाहतीत प्रत्येक ओट्यापुढं एक फळी असायची. बाई फळीवर चढून भाजी चिरायची, उतरून डबा काढायची, पुन्हा चढायची. घर सोडून जाताना माणसं पडदे काढून न्यायची, बल्ब काढून न्यायची, फळी मात्र मागं ठेवायची. पुढची येणारी बाई काही उंच असणार नव्हती. आक्काची फळी सागवानी होती. तिच्या पावलांच्या जागी दोन उथळ खळगे पडले होते.

मग एक दिवस बातमी आली की जुन्या इमारती पाडायच्या, शेजारच्या मोकळ्या जागेत नवीन बांधायच्या, आणि सगळ्यांना त्यात घरं द्यायची. वसाहतीच्या सभागृहात नकाशा लावला. मी त्या दिवशी तिथंच होतो. पुरुष खुर्च्यांवर बसले, बायका दाराशी उभ्या राहिल्या. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण झालं तसं. घरबांधणी खात्यातून आलेले साहेब नकाशा समजावून सांगत होते. पन्नाशीचे, उंच, किडकिडीत, बोलताना पेन्सिल कानामागं अडकवायचे आणि मग तीच शोधत बसायचे. वसाहतीनं त्यांचं नाव नकाशेसाहेब ठेवलं.

"काही शंका?" त्यांनी विचारलं.

कुणी गाड्या लावायच्या जागेचं विचारलं, कुणी पाण्याच्या टाकीचं. मग दाराकडून आक्काचा आवाज आला.

"साहेब, भाजी चिरताना मला माझं पोर दिसेल का?"

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्यानं दाजी हसले. "अगं, आपलं पोर तीस वर्षांचं झालं! दुसऱ्या शहरात नोकरी करतंय! आता कुठं बघणार त्याला?"

"माझं नाही हो. माझ्यामागून जी येईल तिचं."

नकाशेसाहेब हसले नाहीत. ते नकाशाकडे वळून स्वयंपाकघर शोधू लागले. नकाशातही स्वयंपाकघर मागंच होतं.

दुसऱ्या दिवशी ते बहात्तर पायऱ्या चढून आक्काच्या दारात आले. धाप इतकी लागली होती की आधी पाणी प्यायले, मग बोलले.

"ताई, दाखवा काय ते."

आक्कानं त्यांना ओट्यापुढं उभं केलं. फळी बाजूला सरकवली.

"काय दिसतंय?"

"खिडकी चांगली आहे की! मागचा रस्ता दिसतोय, झाडं दिसतायत."

"आता गुडघे वाकवा." आक्कानं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, अंगावर कपडा बसवून बघताना ठेवते तसे, आणि हळूहळू खाली दाबत गेली. त्यांचं डोकं तिच्या डोक्याएवढं झालं तेव्हा थांबली.

"आता काय दिसतंय?"

साहेब तसेच वाकून उभे. "ओट्यावरच्या नळाची तोटी," ते म्हणाले.

"मी सत्तावीस वर्षं तोटी बघतेय, साहेब."

त्यानंतर महिनाभरात नकाशा उलटला. स्वयंपाकघरं अंगणाच्या बाजूला आली. झोपाळे आणि घसरगुंडी लांब ठेवली, आणि अगदी लहान पोरांसाठी वाळूचा चौक इमारतीच्या जवळ घेतला, म्हणजे आईनं हाक मारली तर ऐकू जावी. राहिला प्रश्न उंचीचा. खिडकीची खालची कड किती उंचीवर ठेवायची, ओटा किती उंच बांधायचा. खात्याचा आकडा ठरलेला होता आणि वरचे मोठे साहेब तो सोडायला तयार नव्हते. "बायकांची उंची किती ते मला सांगू नका, कागदावर दाखवा," ते नकाशेसाहेबांना म्हणाले. "आणि एकदा दाखवाल तो आकडा शेवटचा. त्यात चूक निघाली तर आपला जुना आकडा आहेच."

"मापं घ्यायचं काम माझ्यावर सोडा," आक्का म्हणाली. तिच्या आवाजात त्या दिवशी जो रुबाब होता तो मी यापूर्वी एकदाच ऐकला होता, वडिलांचा पहिला सदरा शिवून झाला तेव्हा.

एका रविवारी सभागृहात मापं झाली. मी त्यात नव्हतो, पण दाजींनी मला त्याचं वर्णन इतक्या वेळा ऐकवलंय की मी तिथं होतो असंच मला वाटतं. अठ्ठेचाळीस घरांतल्या सासवा, सुना, मुली मिळून एकशे बारा बायका आल्या. खात्याचे साहेब येणार म्हणून सगळ्या ठेवणीतल्या कपड्यांत. आक्का प्रत्येकीच्या कोपराखाली टेप धरी, मग डोळ्यांशी धरी, आणि आकडा पुकारी. नकाशेसाहेब लिहून घेत. ते म्हणाले होते की घरात जो कुणी स्वयंपाक करतो त्याचं माप घ्यायचं, पुरुष असला तरी. तेव्हा पुरुष एकमेकांकडे बघू लागले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे एकटे राहणारे मास्तर उठून उभे राहिले. दाजीही उठू लागले तेव्हा आक्का म्हणाली, "तुम्ही बसा. चहा म्हणजे स्वयंपाक नाही."

आकडे खात्यात गेले. मोठ्या साहेबांनी कुरकुरत सही केली. बांधकाम सुरू झालं.

बांधकामावरच्या मुख्य मिस्त्रीला लोक ओळंबा म्हणत, कारण तो भिंतीला लावायच्या ओळंब्यासारखाच सरळ आणि वजनदार होता. तळाला गाड्या लावायची जागा सोडून त्यानं पहिल्या मजल्यावर एक नमुन्याचं स्वयंपाकघर पूर्ण करून दाखवलं. ओटा, नळ, खिडकी, फरशी, सगळं. तिथं ठरलं की उरलेली सत्तेचाळीस याबरहुकूम करायची. पहिल्या मजल्यावरचे ओटे लगोलग बसवूनही झाले. खिडक्यांच्या कडा तेवढ्या बांधायच्या राहिल्या होत्या.

नमुना बघायला सगळ्या बायका गेल्या. एकेक जण ओट्यापुढं उभी राहून बाहेर बघायची. "घसरगुंडी दिसली!" "वाळू दिसली!" ज्यांना पोरं नव्हती त्यासुद्धा बघून खूश झाल्या. एकीनं आक्काला मिठीच मारली. ओळंबा दारात हाताची घडी घालून उभा होता. "शिंपीणबाई, घर काही अंगाला घट्ट झालं नाही ना?" आक्का म्हणाली, "मिस्त्री, माझ्या हातचं आजवर घट्टही झालं नाही, ढगळही झालं नाही."

हे वाक्य तिनं म्हणायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच तिथं गेली. काम काही नव्हतं. शिवलेला कपडा गिऱ्हाईकाला द्यायच्या आधी ती एकदा उगाच हातात घेऊन बसते, तसंच. आदल्या दिवशीच्या पायांची माती फरशीवर पडली होती. तिनं कोपऱ्यातला झाडू घेऊन ती काढली, ओल्या फडक्यानं फरशी पुसली. पुसलेल्या फरशीवर चप्पल घालून कोण जाईल? तिनं चपला दाराशी काढल्या आणि अनवाणी ओट्यापुढं येऊन उभी राहिली.

घसरगुंडी दिसली. झोपाळे दिसले. वाळूच्या चौकाची लांबची कड दिसली, बाकीची वाळू मात्र खिडकीच्या कडेखाली गेली होती.

तिनं चपला घातल्या. वाळू आली. काढल्या. वाळू गेली.

आक्का सिमेंटच्या पोत्यावर बसली. एकशे बारा बायका ठेवणीतल्या कपड्यांत आल्या होत्या, आणि ठेवणीतल्या कपड्यांखाली ठेवणीतल्या चपला. उंच टाचांच्या. सभागृहात कुणी चपला काढल्या नव्हत्या. आणि माप घेणारी तरी कोण? आक्का. तिच्या घरी गिऱ्हाईक दाराशी चपला काढून येई, आणि तिचा हात जन्मभर खांद्यावरून खाली उतरलेला. सदरा असो, झगा असो, शिंप्याचं माप वरून सुरू होतं. पायांत काय आहे ते बघायची गरजच पडत नाही. घराचं माप जमिनीवरून वर चढतं. असं माप तिनं आयुष्यात पहिल्यांदा घेतलं होतं आणि जिथून सुरू करायचं तिथंच ती चुकली होती.

स्वयंपाक सगळ्या अनवाणी करतात. पहिल्या मजल्यावर वाळू अर्धी लपत होती. चार मजल्यांची तिला सवय होती. तिला लगेच कळलं की जसं वर जावं तसं जास्त लपणार, आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईला वाळूचा चौक आहे हे सांगूनच कळेल. उद्या सकाळी दहाला मोठे साहेब नमुना बघायला येणार होते. परवापासून खिडक्यांच्या कडा बांधायच्या होत्या.

घरी येऊन तिनं दाजींना सांगितलं. दाजी निवृत्त झाल्यापासून शांत झाले होते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "गप्प बस. सगळ्या खूश आहेत. तू बोललीस तर मोठे साहेब म्हणतील, बघा, बायकांचा आकडा चुकला, आणि जुन्यावर जातील. मग तर तोटीच. त्यापेक्षा ज्याला दिसणार नाही तो फळी ठेवील. आजवर ठेवलीच की."

आक्का म्हणाली, "अहो, रोज सकाळी बसवर चढलात की पहिलं काय करायचात?"

"सीट पुढंमागं करायचो. आरसा जुळवायचो. आदल्या पाळीचा ड्रायव्हर लंबूटांग होता ना."

"आणि आरसा जुळला नसता तर?"

"तर गाडी हलवली नसती. मागचं दिसल्याशिवाय गाडी कशी..." दाजी मध्येच थांबले.

"मी सत्तावीस वर्षं दुसऱ्याच्या सीटवर बसून गाडी चालवली," आक्का म्हणाली. "फळी ठेवा म्हणायला मला आता जीभ होत नाही."

दाजींनी खुंटीवरचा सदरा अंगात चढवला. "चल," म्हणाले. "साहेब बांधकामावर असतील."

नकाशेसाहेब ओळंब्याशी बोलत होते. आक्कानं आडपडदा ठेवला नाही. "साहेब, मापं चुकली. चूक माझी. बायकांच्या पायांत चपला होत्या." तिनं त्यांना नमुन्याच्या खोलीत नेलं, चपला घालून आणि काढून वाळू दाखवली. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन्सिल शोधली, ती कानामागंच होती.

ओळंबा खदखदून हसला. "शिंपीणबाई! हे काय कापड आहे उसवायला? भिंत आहे ती!"

"उसवायला अजून शिवलंय कुठं, मिस्त्री? एकच नमुना झालाय. हा तर कच्चा टाका आहे. कच्चा टाका घालतात कशासाठी?"

ओळंबा हसायचा थांबला. त्याच्या धंद्यातही कच्चं आणि पक्कं असतंच.

"पण ताई, उद्या दहाला ते येतायत," साहेब म्हणाले. "एकशे बारा बायकांना आज परत कुठून जमवू? निम्म्या कामावर आहेत. आणि अंदाजानं आकडा कमी केला तर ते फाडून टाकतील."

आक्कानं आपली चप्पल उचलून टाच बघितली. मग म्हणाली, "बायका नकोत. त्यांच्या चपला हव्यात. त्या दिवशी ज्या घातल्या होत्या, त्याच. टाच मोजायची आणि तेवढी वजा करायची."

दुपार होती. दाजी एका इमारतीत, मी दुसऱ्या इमारतीत. हो, मी त्याच सकाळी गावाहून पोचलो होतो आणि पाणी प्यायच्या आधी मला चपला गोळा करायला धाडलं होतं. दार वाजवायचं आणि म्हणायचं, "मापाच्या दिवशीच्या चपला द्या." कुणी मला चोर समजलं, कुणी चांभार. एक जण म्हणाली, "त्या माझ्या नव्हत्या हो, जावेच्या होत्या. जाऊ पलीकडच्या इमारतीत." जावेकडे गेलो तर ती म्हणाली, "अस्सं! म्हणून पट्टा तुटून आला होय!" मी तिथून काढता पाय घेतला. ज्या कामावर होत्या त्यांच्या सासवांनी, मुलींनी चपला काढून दिल्या. दोघींच्या नवऱ्यांना बायकोची ठेवणीतली चप्पल कोणती हे माहीत नव्हतं. त्यांनी घरातल्या सगळ्याच आणून माझ्यापुढं ओतल्या.

चपला मांडायच्या कुठं? आक्कानंच सांगितलं, "जिन्यात. माझ्या जिन्यात."

बहात्तर पायऱ्यांवर चपला मांडल्या. काही पायऱ्यांवर दोन जोड, काहींवर एक. प्रत्येकीत घराचा नंबर आणि नाव लिहिलेली चिठ्ठी. लाल, काळ्या, सोनेरी पट्ट्यांच्या, चमकत्या खड्यांच्या. जन्मात इतका नटलेला जिना मी पाहिला नाही. आक्का वरून खाली उतरत निघाली, गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पायरी बसून. टाचेला टेप लावायची आणि आकडा पुकारायची. नकाशेसाहेब तिच्याखालच्या पायरीवर कागद मांडीवर घेऊन बसत सरकत होते. कठड्याला धरून पोरं आणि म्हाताऱ्या बघत उभ्या होत्या आणि कोणती चप्पल कुणाची यावर हसणं चाललं होतं.

खाली आलो तेव्हा तळमजल्यावरची आजी दारात खुर्ची टाकून बसली होती.

"आजी, तुमच्या चपला?" साहेबांनी विचारलं.

"मला कुठल्या चपला? पाय सुजतात. मी त्या दिवशी अनवाणीच आले होते."

साहेबांनी कागद चाळला. आजीच्या आकड्याभोवती त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल केला होता. बाकीच्यांपेक्षा फारच कमी आहे म्हणून चुकला असावा असं समजून त्यांनी तो हिशेबातून काढून टाकला होता.

"एकशे बारांत बरोबर माप एकच होतं," आक्का म्हणाली, "आणि ते आपण काढून टाकलं."

"मला विचारायचं होतंत," आजी म्हणाली. "मी इथंच बसलेली असते."

बेरीज-वजाबाकी झाली. सरासरी पाच सेंटीमीटर. आपल्या भाषेत अडीच बोटं.

दुसऱ्या दिवशी दहाला मोठे साहेब आले. ते मोठे होते ते हुद्द्यानं. अंगानं बुटके, पण बूट असे की चालताना ठक ठक वाजत. नकाशेसाहेबांनी काल झालेलं सगळं खरं खरं सांगितलं, घाम पुसत. मोठे साहेब ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा घट्ट होत गेला.

"म्हणजे आकडा चुकला. मग ठरल्याप्रमाणे जुना."

नकाशेसाहेब कागद चाळू लागले. तेव्हा आक्का दारातून म्हणाली, "साहेब, जुना तर जुना. पण आत जाताना बूट तेवढे काढा. फरशी मी पुसलीय."

मोठ्या साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. फरशी खरंच लखलखीत होती, आणि दारात तिच्या स्वतःच्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या. त्यांनी बूट काढले. त्या बुटांच्या टाचांविषयी मी काही लिहीत नाही. ते आत गेले, ओट्यापुढं उभे राहिले आणि बाहेर पाहू लागले. मग नकळत त्यांनी टाचा उचलल्या, आणि पुन्हा खाली टेकवल्या. सगळे दुसरीकडे बघू लागले. ओळंबासुद्धा छताकडे बघत होता.

"वाळूचा चौक कुठं आहे म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"खिडकीखालीच, सर," नकाशेसाहेब म्हणाले.

"आणि खात्याच्या जुन्या आकड्यानं कड आणखी वर जाते?"

"आणखी चार बोटं, सर."

मोठे साहेब तसेच मोज्यांवर मागं वळले. मग म्हणाले, "नवीन कागद आणा." सही करून ते बाहेर आले, बूट घातले आणि जाता जाता आक्काला म्हणाले, "घरी मीही बूट काढूनच असतो, बाई."

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा ओळंब्यानं स्वतः छिन्नी-हातोडा घेतला आणि नमुन्याच्या खिडकीची कड अडीच बोटं उतरवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. "कच्चा टाका," तो म्हणत होता, ठोका मारत, "कच्चा टाका."

सगळं मात्र सुधारलं नाही. पहिल्या मजल्यावरचे बारा ओटे बसले होते, त्यांत नळ गाडले गेले होते. ते तसेच राहिले, अडीच बोटं उंच. बाकी छत्तीस ओटे बरोबर झाले, खिडक्या तर अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. घरं वाटताना ज्यांना जिना चढवत नाही त्यांना खालची घरं आधी विचारली. आजीनं तळमजल्याच्या सवयीनं फाटकाजवळचं मागितलं. आक्काच्या गुडघ्यांचा कागद डॉक्टरनं दिलेलाच होता. पहिल्या मजल्यावरचं कोणतंही घर घ्या म्हणाले तेव्हा तिनं नमुन्याचं घर घेतलं.

"अगं, त्याचाच ओटा उंच आहे," दाजी म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावरचं घे, अठराच पायऱ्या जास्त."

"चूक माझी आहे," आक्का म्हणाली. "दुसऱ्या कुणी का उभं राहावं तिच्यापुढं?"

मागच्या खेपेला मी तिथं आठ दिवस राहिलो. जुन्या इमारती पाडल्या तेव्हा बहुतेक फळ्या राडारोड्यात गेल्या. आक्काची तिनं आणली. खळगे पडलेली ती सागवानी फळी नव्या ओट्यापुढं आहे. सकाळी दाजी चहा करतात, आणि आता कधी कधी भाजीही. त्यांना फळी लागत नाही. ते तिला पायानं बाजूला सारतात आणि आक्का पुन्हा जागेवर ओढते. मशीन आता स्वयंपाकघरातच, ओट्याच्या शेजारी आहे.

मी कांदा सोलत बसलो होतो. आक्का फळीवर उभी राहून चिरत होती. सगळ्या इमारतीत तिलाच सगळ्यात जास्त अंगण दिसतं, कारण खिडकी बरोबर मापाची आणि पायाखाली फळी. खाली गलका चालला होता आणि मग एकाएकी थांबला. माझा हात थांबला. माझ्या कानांनाही त्या जुन्या जिन्याची सवय होती.

आक्काचा हात थांबला नाही. तिनं मान थोडी पुढं केली, खाली बघितलं आणि चिरत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मुंग्या बघतायत."